रबराच्या त्या गोळ्याकडे एकदा नीट पाहा

मूळ 'स्टार ट्रेक' म्हणजे 1960च्या दशकातली, एका अंतराळयानावरची अमेरिकी टीव्ही मालिका. तिच्याबद्दल एक ठरावीक मत सगळीकडे फिरत असतं. त्याचा सारांश असा: ही मालिका टिकली ती निव्वळ जुन्या आठवणींच्या जोरावर. पुठ्ठ्याचे खडक, रबरी राक्षस, ऊठसूट शर्ट फाडून घेणारा मारकुटा कप्तान आणि शोभेपुरत्या बायका. त्या काळीही ती कुणी पाहत नव्हतं, म्हणूनच तीन सीझनमध्ये गुंडाळावी लागली.

मी सगळे 79 भाग पाहिले आहेत, बरेचसे अनेकदा. त्यामुळे यातला एकेक मुद्दा घेते.

सुरुवात रबरी राक्षसापासून, कारण या मालिकेवरचं माझं प्रेम तिथेच जडलं. 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग 9 मार्च 1967ला दाखवला गेला. एका ग्रहावरच्या खाणीत कुणीतरी कामगारांना जाळून मारतंय. बोगद्याच्या अंधारातून तो प्राणी पुढे येतो तेव्हा हसू फुटतं, हे कबूल. जमिनीवरून घसटत येणारा रबराचा ओबडधोबड गोळा, दुसरं काही नाही. त्या पोशाखाच्या आत कलाकार यानोश प्रोहास्का रांगत होते. पोशाखही त्यांचाच. तो आधी तयार झाला आणि तो पाहून मालिकेचे लेखक-निर्माते जीन कून यांनी कथा लिहिली.

आणि कथा कशी लिहिली ते बघा. यानाचा कप्तान कर्क याचा हुकूम आहे, दिसताक्षणी ठार करा. त्याचा अर्धा परग्रहवासी सहकारी आणि मित्र स्पॉक, त्याचं मन कचरतं: हा आपल्या जातीतला शेवटचा जीव असेल तर? पुढे कर्क एकटाच त्या प्राण्यासमोर सापडतो. आता स्पॉक कम्युनिकेटरवरून कळवळून सांगतो, मारून टाका त्याला. आणि कर्कच थांबतो, कारण समोरचा जीव जखमी आहे आणि हल्ला करत नाहीये. मित्राचा जीव धोक्यात येताच तर्कनिष्ठ स्पॉकचं तत्त्व डळमळतं, आणि शस्त्र रोखून उभ्या असलेल्या कर्कला दया येते. दोघांच्या भूमिकांची अदलाबदल होते, पण ती प्रेक्षकाला समजावून सांगायला कुणी थांबत नाही.

मग स्पॉक त्या प्राण्याच्या मनाशी मन जोडतो आणि त्याच्या वेदना स्वतःच्या तोंडून ओरडतो. एरवी चेहऱ्यावरची रेषही न हलवता स्पॉक रंगवणारे लिओनार्ड निमॉय त्या खडकाला बिलगून कळवळतात, आणि रबर दिसेनासं होतं. उलगडा होतो तो असा, की कामगार सिलिकॉनचे जे गोळे टाकाऊ समजून फोडत होते, ती त्या प्राण्याचीच अंडी होती. अंधारातला सैतान म्हणजे पिल्लांना वाचवू पाहणारी आई. ज्यांना हे हास्यास्पद वाटतं, त्यांनी हा भाग शेवटपर्यंत पाहिला आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

पुठ्ठ्याचे खडक होतेच. पैसा कमी होता आणि तिसऱ्या सीझनला आणखी कमी झाला. पण त्या चणचणीतून काय काय निघालं! दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसांना क्षणात यानावरून ग्रहावर पोहोचवणारा ट्रान्सपोर्टर आला. छायालेखक जेरी फिनरमन यांनी करड्या भिंतींवर रंगीत प्रकाश टाकून त्याच भिंतींमधून वेगवेगळ्या जागा उभ्या केल्या. 'स्पेक्टर ऑफ द गन'मध्ये गावाचा पूर्ण सेट बांधता आला नाही, तर नुसत्या दर्शनी भिंती, अधांतरी घड्याळ आणि वर लाल आकाश. कथेत ते गाव कर्कच्या मनातून अर्धवट उचललेलं आहे, त्यामुळे तो अपुरेपणाच अंगावर येतो. 'स्पॉक्स ब्रेन'सारखा फसलेला भाग याच सीझनमधला आहे, त्याची बाजू मी घेणार नाही.

बायकांचा मुद्दा मात्र मला झटकून टाकता येत नाही. यानावरची कृष्णवर्णीय संपर्क अधिकारी उहुरा, तिला संवाद कमी होते, गणवेश आखूड होते, आणि शेवटच्या भागात बाईला कप्तान होता येत नाही असं सुचवणारं वाक्य आहे, ते आजही टोचतं. तरीही 'शोभेपुरत्या' हा शब्द चुकीचा आहे. उहुरा ब्रिजवर, म्हणजे यानाच्या नियंत्रण कक्षात, अधिकारी म्हणून बसली होती, 1966 साली, अमेरिकेच्या टीव्हीवर. पहिल्या सीझननंतर उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मालिका सोडायला निघाल्या, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. उहुराला पाहत मोठी झालेली कृष्णवर्णीय अंतराळवीर मे जेमिसन 1992मध्ये खरोखर अंतराळात गेली. शिवाय पडद्यामागे लेखिका डी. सी. फोंटाना होत्या. स्पॉकच्या आईवडिलांना आपल्यासमोर आणणारा 'जर्नी टू बेबल' त्यांनीच लिहिला.

कुणी पाहत नव्हतं? प्रेक्षकसंख्या मोठी नव्हती, हे खरं. पण दुसऱ्या सीझनच्या वेळी ब्यो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने चाहत्यांना पत्रं लिहायला लावली आणि इतकी पत्रं आली की मालिका चालू राहणार असल्याचं ती दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीला मार्च 1968मध्ये चक्क पडद्यावरून जाहीर करावं लागलं. त्यानंतर तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली गेली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात नसतो, हे वाहिनीला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

राहिला कर्क. त्याचा शर्ट फाटतो, तो ठोसे मारतो, सगळं मान्य. पण 'अरीना' या भागात पराभूत शत्रूवर शस्त्र रोखूनही तो हात मागे घेतो. आणि 'बॅलन्स ऑफ टेरर' हा भाग पाहा. शत्रू रोम्युलन पहिल्यांदा पडद्यावर दिसतात, ते नेमके स्पॉकसारखे, आणि ब्रिजवरचा एक अधिकारी लगेच स्पॉककडे संशयाने बघू लागतो. ही असली घृणा आपल्या खोलीत ठेवून यायची, ब्रिजवर तिला जागा नाही, असं कर्क त्याला तिथल्या तिथे बजावतो. पुढची लढाई पाणबुड्यांसारखी चालते, एकमेकांचा अंदाज घेत, श्वास रोखून. मार्क लेनर्ड यांनी रंगवलेला रोम्युलन कप्तान इतका थकलेला आणि सभ्य आहे की त्याने जिंकावं असंही मध्येच वाटून जातं.

तो भाग एका लग्नाने सुरू होतो. विधी अर्ध्यावर असताना धोक्याचा भोंगा वाजतो. लढाई कर्क जिंकतो, यानावरचा एकच माणूस मरतो, आणि तो नवरा मुलगा असतो. कर्क त्या मुलीला भेटायला जातो. ती म्हणते, मी ठीक आहे. मग तो एकटाच लांब कॉरिडॉरमधून चालत जातो, माणसं बाजूने येत-जात राहतात, आणि भाग तिथेच संपतो.