अमेरिकेची बाजू एवढी टाकाऊ नाही!

"नायगारा पाहावा तर कॅनडातूनच, अमेरिकेच्या बाजूला वेळ घालवू नये" हा लेखातला सल्ला पटला नाही. समोरून अख्खा देखावा तिकडूनच दिसतो, मान्य. पण मुलांकडे आलेल्या आपल्याकडच्या आईबाबांच्या हातात फक्त अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा असतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, बायोमेट्रिक्ससकट. ग्रीन कार्डवाल्या मुलाला तो लागत नाही, त्यामुळे "पूल ओलांडला की झालं" असं तो बिनधास्त सांगून मोकळा होतो आणि घोळ होतो!

आमच्या सासूबाईंना आम्ही अमेरिकेच्याच बाजूने नेलं. धबधब्यांच्या मधल्या गोट आयलंड या बेटाच्या टोकाला टेरापिन पॉइंट आहे. तिथे कठड्याला धरून उभं राहिलं की हिरवंगार पाणी अगदी शेजारून हॉर्सशू या नायगाराच्या सर्वांत मोठ्या धबधब्यात कोसळताना दिसतं. ही जवळीक समोरच्या काठावरून नाही मिळत. धबधब्याच्या पायथ्याशी नेणाऱ्या 'केव्ह ऑफ द विंड्स' या सफरीबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. लिफ्टने खाली उतरायचं, मग लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेल या छोट्या धबधब्यापासून जेमतेम 20 फुटांवर जायचं. हिवाळ्यातल्या बर्फामुळे हे जिने दरवर्षी नव्याने बांधतात. गुडघे दुखत असतील तर मात्र शेवटचा, धबधब्याच्या सगळ्यात जवळचा 'हरिकेन डेक' हा चौथरा सोडून द्या, खालच्या पायऱ्यांवरही माणूस चिंब होतो. रेनकोट देतात, पण चष्मेवाल्यांनी खिशात कोरडा रुमाल ठेवावा. सासूबाईंचा चष्मा पुसायला तिथे कोणाकडेच कोरडं काही उरलं नव्हतं.