हिपॅटायटीस बी ताटातून होत नाही हो, काका

माझ्या मावसबहिणीला सातवा महिना लागलाय. गरोदरपणातल्या नेहमीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटीस बी (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण) पॉझिटिव्ह निघालं. दोन दिवसांत सासूबाईंनी तिचं ताट-वाटी-भांडं वेगळं काढलं आणि धुताना सरमिसळ नको म्हणून ताटाच्या मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. हे शहाणपण आलं आमच्याच घरच्या ग्रुपवरून, काकांनी ‘जनहितार्थ’ पाठवलेल्या मेसेजमधून. मला तोच मेसेज आणखी दोन ठिकाणांहून आला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हिपॅटायटीस म्हणजे साधी कावीळ, माळ घातली की उतरते. शाकाहारी, निर्व्यसनी माणसाला तो होत नाही, झालाच तर ‘काय ते समजून घ्या’. रोग्याचं ताट वेगळं ठेवा. आणि बाळाला जन्मल्याजन्मल्या लस टोचू देऊ नका, आपल्याकडे हा आजार आहेच किती, सगळा कंपन्यांचा धंदा.

आहेच किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. भारतात हिपॅटायटीस बी झालेले सुमारे २.९८ कोटी, त्याचाच भाऊबंद हिपॅटायटीस सी झालेले ५५ लाख. चीनच्या खालोखाल आपण. म्हणजे बी साधारण पन्नास माणसांमागे एकाला. आणि बी असलेल्यांपैकी निदान झालेले शंभरात तीनसुद्धा नाहीत. आमच्या ग्रुपवर ६३ जण आहेत, हिशेब काकांनीच करावा.

आता ते लसीचं, कारण माझं डोकं फिरलं ते तिथे. हिपॅटायटीस बी आईकडून बाळाला जातो तो मुख्यतः बाळंतपणाच्या वेळी, रक्तातून. मोठ्या धडधाकट माणसाला लागण झाली तर बहुतेकांचं शरीर विषाणू हुसकावून लावतं, कायमचा राहतो तो शंभरात पाचांहूनही कमी जणांत. तान्ह्या बाळाचं उलटं आहे. लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो. मग पंचवीस-तीस वर्षं काही दिसत नाही. पोर शाळेत जातं, नोकरीला लागतं, आणि एक दिवस पोटात पाणी होतं. तपासावं तर सिरॉसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होणं, नाहीतर यकृताचा कॅन्सर. हे टाळायला पहिला डोस २४ तासांच्या आत लागतो. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही, शक्यतो १२ तासांत. आईच्या रक्तात विषाणू जास्त असेल तर गरोदरपणीच टेनोफोव्हिर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देतात. ही लस २०११ पासून देशभरातल्या सरकारी लसीकरणात फुकट मिळते, तेव्हा धंद्याचं तेवढं राहू द्या. मेसेज म्हणतो ‘सव्वा महिन्यानंतर बघू’. सव्वा महिन्यानंतर काय बघणार? बारसं?

चारित्र्याचा टोमणा. विषाणू शरीरसंबंधातून जातो, खरं आहे. पण आईकडून येतो, न तपासलेल्या रक्तातून येतो, एकच सुई दोघांना टोचल्याने येतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात साथ आली, माणसं दगावली. कारण निघालं पुन्हा वापरलेल्या सिरिंजा. साध्या तापाला ‘डॉक्टर, सुई द्याच’ म्हणणारी माणसं होती ती. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून झाला, पाऊण यकृत गेलं, हे ते स्वतः जाहीर सांगतात. माझ्या बहिणीला बहुधा जन्मतःच मावशीकडून आला असेल. आता मावशीलाही काय ते समजून घ्यायचं का?

माळेबद्दल फार लिहीत नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटीस ए आणि ई ही कावीळ बहुतेकदा आपोआपच बरी होते आणि श्रेय माळेला जातं. ओल्या काड्यांची ती माळ वाळून सैल पडते, म्हणून लांबते. पण गरोदर बाईला ई झाला तर जिवावर बेततं, तिला माळ घालून घरी बसवू नका. बी तर माळेला ओळखतही नाही.

राहिलं ताट. बी आणि सी एका ताटात जेवून, मिठी मारून, बाळाला अंगावर पाजून पसरत नाहीत. एवढं मात्र कबूल करते की ‘वस्तू वेगळ्या ठेवा’ यात थोडं तथ्य आहे: दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर. सुकलेल्या रक्तातही बीचा विषाणू आठवडाभर तग धरतो. गंमत म्हणजे त्या घरात ताट वेगळं झालं, नेलकटर अजून सगळ्यांचं एकच आहे.

आणि काका, तुमचं लहानपण म्हणजे काचेची सिरिंज आणि गावभर एकच सुई. दाढीचं म्हणाल तर तुमच्या न्हाव्याचा वस्तरा आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट होते. एकदा करून या. रिपोर्ट ग्रुपवर टाकायची गरज नाही, आणि पॉझिटिव्ह आलाच तरी तुमच्या ताटाला कुणी ठिपका लावणार नाही.