स्टर्लिंगच्या जीपा की बॅग्नोल्डचे ट्रक?

दर काही महिन्यांनी फिरत येणारा एक मजकूर परवा पुन्हा माझ्या फोनवर येऊन पडला. थोडक्यात तो असा: दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापती रोमेलने आफ्रिकेत धुमाकूळ घातला तेव्हा चर्चिलने डेव्हिड स्टर्लिंग या तरुण अधिकाऱ्याला हाताशी धरलं. स्टर्लिंगने निवडक ब्रिटिश कमांडो आणि वाळवंटासाठी खास बनवलेल्या जीपा घेऊन ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. वाळवंटात लढणारं हे जगातलं पहिलं मोटारपथक, आणि त्याचं काम एकच, रात्री जाऊन शत्रूची विमानं उडवायची. सोबत मशिनगन लावलेल्या जीपांचा फोटो. फोटो खरा आहे, पण तो एसएएसचा, म्हणजे स्टर्लिंगने उभारलेल्या ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ या वेगळ्याच छापामार पथकाचा, १९४३ मधला.

आधी रोमेल. हे पथक उभारायला सुरुवात झाली जुलै १९४० च्या पहिल्या आठवड्यात. रोमेल तेव्हा फ्रान्सच्या मोहिमेतून नुकता मोकळा झाला होता. त्रिपोलीत तो उतरला १२ फेब्रुवारी १९४१ ला. तोवर या पथकाच्या गस्ती लिबियात खोलवर जाऊन आल्या होत्या आणि फ्रेंचांना सोबत घेऊन मुर्झुकच्या इटालियन ठाण्यावर छापाही पडला होता. धास्ती होती ती इटलीची. १० जून १९४० ला इटली युद्धात उतरली, लिबिया तिच्या ताब्यात होता, आणि दक्षिणेच्या वाळवंटातून कुणी नाईलपर्यंत येऊन थडकलं तर ते कळायची सोय इंग्रजांकडे नव्हती.

स्टर्लिंगचं तर सालच जुळत नाही. एसएएसची स्थापना जुलै १९४१ ची, म्हणजे वर्षभरानंतरची. त्या नोव्हेंबरात त्यांची माणसं पहिल्याच मोहिमेवर वादळात पॅराशूटने उतरली आणि निम्म्याहून जास्त गमावली गेली. जी वाचली त्यांना वाळवंटातून बाहेर काढलं ते याच लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या ट्रकांनी. पुढे कित्येक महिने एसएएसवाल्यांना विमानतळांच्या जवळ नेऊन सोडायचं आणि परत आणायचं कामही त्यांच्याकडेच होतं. एसएएसची मंडळी त्याला थट्टेने ‘लिबियन डेझर्ट टॅक्सी सर्व्हिस’ म्हणत. धाकट्याला थोरल्याचा बाप ठरवायचा म्हणजे कमाल आहे.

मग उभारणारा कोण? राल्फ बॅग्नोल्ड, वय ४४, १९३५ मध्ये निवृत्त झालेला आणि युद्धामुळे परत बोलावलेला मेजर. त्याची नेमणूक होती पूर्व आफ्रिकेत. भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, दुरुस्ती होईपर्यंत इजिप्तमध्ये थांबावं लागलं आणि तो कैरोला जाऊन पोहोचला. मध्यपूर्वेतला ब्रिटिश सरसेनापती जनरल वेव्हेल याने त्याला तिथेच ठेवून घेतलं. पण वाळवंटी गस्तीचा त्याचा प्रस्ताव आधी दोनदा फेटाळला गेला होता. इटली युद्धात उतरल्यावर तो थेट वेव्हेलच्या टेबलावर गेला, तेव्हा काम झालं. लागेल ते द्या असं पत्र मिळालं आणि मुदत मिळाली सहा आठवड्यांची. यात चर्चिल कुठेच नाही.

‘खास बनवलेल्या जीपा’ हा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण खरी हकिकत कितीतरी सरस आहे. पथक सुरू झालं ते बाजारात मिळणाऱ्या दीड टनी शेव्हरलेट ट्रकांवर. काही विकत घेतले, काही इजिप्तच्या सैन्याकडून मागून आणले, आणि दारं, काचा, टप सगळं उतरवून टाकलं. बाकीची विद्या बॅग्नोल्ड आणि त्याच्या दोस्तांनी १९२० च्या दशकातच कमावली होती, सुट्ट्या काढून, स्वतःच्या पैशांनी, फोर्ड गाड्या वाळूत घालून. गाडी रुतली की चाकाखाली सरकवायचे पोलादी पाटे त्याला कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे सापडले होते. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला केलेला तो माल.

पाण्याचं पाहा. रेडिएटर उकळला की वाफ उडून जाते आणि वाळवंटात तेवढं पाणी परवडत नाही. म्हणून रेडिएटरची नळी बाजूला बांधलेल्या, अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या डब्यात सोडायची. वाफ तिथे थंड होऊन पाणी होते. डबाही उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. इंजिन निवलं की रेडिएटर ते पाणी आपणच परत ओढून घेतो. दिशेसाठी सूर्यहोकायंत्र, म्हणजे अंशांच्या खुणा असलेली आडवी चकती आणि मधोमध उभी सुई. तिची सावली पाहत गाडी हाकायची, कारण ट्रकच्या लोखंडामुळे साधा होकायंत्र भरवशाचा राहत नाही.

कमांडो म्हणाल, तर पहिली खेप न्यूझीलंडच्या स्वयंसेवकांची होती. त्यांतले बरेच शेतीवर वाढलेले, बिघडलेली गाडी स्वतः खोलून जोडणारे. बॅग्नोल्डला तशीच माणसं हवी होती.

‘जगातलं पहिलं’ हेही सोडा. इटलीच्या सहारा मोटार कंपन्या युद्धाआधीपासून होत्या, आणि त्याहीआधी १९१६ पासून ब्रिटिशांच्या हलक्या मोटारींच्या गस्ती याच वाळवंटात फिरत होत्या.

छापे पडले, हे मात्र मान्य. सप्टेंबर १९४२ मध्ये लिबियातल्या बार्चेच्या विमानतळावर पथकाने विमानं जाळली. पण मोठं काम पाहण्याचं. १९४२ च्या मार्चपासून जुलैपर्यंत त्रिपोली-बेनगाझी रस्त्यावर, इटालियनांनी बांधलेल्या आणि इंग्रज ज्याला ‘मार्बल आर्च’ म्हणत त्या कमानीच्या जवळ, अहोरात्र पाळत होती. पहाटेच्या अंधारात दोघे जण जाऊन खुरट्या झुडपांत आडवे पडत. जवळ दुर्बीण आणि वही. किती रणगाडे, किती ट्रक, कोणत्या दिशेला, सगळं टिपायचं, आणि उजेड आहे तोवर हलायचं नाही. रात्री रस्त्याच्या आणखी जवळ सरकून आवाजावरून आणि काळ्या आकारावरून मोजायचं. आकडे वायरलेसने कैरोला जात.

परवाच्या मजकुराखाली कुणीतरी ‘यात आपले मराठेही होते’ अशी ओळ जोडली आहे. १९४२ मध्ये भारतीय सैन्याची एक लाँग रेंज स्क्वॉड्रन या पथकाच्या सोबतीला आली खरी, पण तिचे जवान २ लान्सर्स, ११ कॅव्हलरी आणि १८ कॅव्हलरी या घोडदळी पलटणींतले होते, म्हणजे शीख, जाट, राजपूत, पंजाबी मुसलमान. मराठा लाइट इन्फन्ट्री १९४१ मध्ये लढली ती इरिट्रियात, केरेनच्या डोंगरांवर. आपल्याकडचा एक शब्द मात्र या पथकाने नक्की पायात घातला. बुटांत वाळू भरते म्हणून त्यांनी वायव्य सरहद्दीवरच्या जाड तळाच्या उघड्या वहाणा घेतल्या, आणि इंग्रजीतही त्यांना ‘चपली’च म्हटलं.