वहिनी, चार डॉलरसाठी?

आज सकाळी चहा गॅसवर होता आणि मी फोन उचलला. आपल्या टेक्सासमधल्या मराठी बंदूकवाल्यांच्या ग्रुपवर माझ्या नावानं मेसेज: "वहिनी, चार डॉलरसाठी इमान विकलंत?" खाली अकरा जणांचे अंगठे. चहा उतू गेला, मी तशीच उभी.

प्रकरण एवढंच. काल मी लेकीच्या सरावाचा फोटो टाकला होता. शूटिंग रेंजच्या बाकावर माझ्या पिस्तुलाच्या नाइन एमएम गोळ्यांच्या तीन डब्या आणि तिच्या टू-टू रायफलची पाचशे गोळ्यांची पेटी. एका डबीवर दुकानाचं किमतीचं स्टिकर राहिलं होतं. त्या मोठ्या दुकानानं बंदुकांच्या विक्रीवर बंधनं घातली, म्हणून आपल्यातल्या अनेकांनी ते केव्हाच सोडलंय. छोट्या गन शॉपमध्ये तीच डबी चार डॉलरनं महाग पडते. हो, मी मोठ्या दुकानातून घेतली. लपवायचं असतं तर स्टिकर खरवडून काढलं असतं.

बंदूक घरात का हवी, हे तुम्हाला समजावत बसणार नाही. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत आम्ही थांबलो होतो, आणि आमच्या गॅरेजचं दार फोडलं त्या रात्री पोलीस यायला किती वेळ लागला, हे आपल्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. टेक्सासमध्ये राहून या विषयावर आपल्या माणसांशी वाद घालावा लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि वाद झाला तोही बंदुकीवरून नाही, तर मी गोळी कुठून आणली यावरून.

मला बहिष्कार कळत नाही असं कुणी समजू नका. फेब्रुवारी २०१८मध्ये पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर डिक्स स्पोर्टिंग गुड्सनं लष्करी धाटणीच्या रायफली विकणं थांबवलं आणि बंदूक घेण्याचं वय २१ केलं. पुढे त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं, की उरलेल्या सुमारे ५० लाख डॉलरच्या रायफली त्यांनी मोडीत काढून नष्ट केल्या. ऑगस्ट २०१९मध्ये आपल्याच राज्यात, एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ माणसं मारली गेली. महिनाभरात वॉलमार्टनं पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद करायचं ठरवलं. मेलेल्यांचं दुःख आपल्यालाही होतं, ते कुणाला दाखवून द्यायची गरज नाही. पण एका राक्षसाच्या पापाची शिक्षा नियमानं वागणाऱ्या लाखो लोकांना का, या प्रश्नावर मीही तेव्हा पेटले होते. दोन वर्षं मी अशा एकाही दुकानाची पायरी चढले नाही. तेव्हा ह्यांची नोकरी चांगली चालू होती आणि वरचे पैसे जाणवत नव्हते. एवढी साधी गोष्ट आहे. ह्यांची नोकरी गेल्या मार्चमध्ये गेली.

आता त्या आजोबांबद्दल सांगते, कारण सकाळपासून डोक्यात तेच आहेत.

आमच्या रेंजवर एक आजोबा येतात. व्हिएतनामला जाऊन आलेले, पंच्याहत्तरी ओलांडलेले. लेकीनं त्यांना "आजोबा" म्हणायला सुरुवात केली आणि आता त्या हाकेला ते वळून बघतात. मी पहिल्यांदा पिस्तूल घेऊन गेले तेव्हा माझी पकड बघून शेजारच्या लेनमधून आले, परवानगी विचारली आणि माझा डावा अंगठा दोन बोटं पुढे सरकवला. बास. त्या दिवसापासून माझ्या गोळ्या खाली जायच्या थांबल्या. कॉलेजात एनसीसीला होते म्हणून मला वाटायचं आपल्याला येतं. कोल्हापुरात शिबिरात आम्हाला टू-टूच्या पाच गोळ्या मिळायच्या, जमिनीवर पालथं पडून झाडायच्या आणि रिकाम्या केसेस, म्हणजे पुंगळ्या, मोजून परत द्यायच्या. एक कमी भरली तर सगळ्या मुली गवतात शोधत बसायच्या. पाच गोळ्यांत कुणाला काय येणार?

म्हणूनच गोळीच्या किमतीचं मला एवढं लागतं. सराव केला नाही तर हात विसरतो. पिस्तूल जवळ बाळगण्याच्या परवान्याच्या परीक्षेला इथे ५० गोळ्या असतात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. ती एकदा पास झालेली आणि नंतर वर्षभर कपाट न उघडलेली माणसं आपल्यातच आहेत. मला त्यांची भीती वाटते. रात्री अंधारात, घरात मुलं झोपलेली असताना, ज्या माणसानं सहा महिन्यांत एक गोळी झाडलेली नाही त्याच्या हातात भरलेलं पिस्तूल मला नको. आणि सराव का होत नाही? दहातल्या आठ जणांचं उत्तर एकच असतं: "गोळ्या परवडत नाहीत गं."

२०२० आठवा. करोना, दंगली, निवडणूक. नाइन एमएमची पन्नासची जी डबी दहा-अकरा डॉलरला मिळायची ती २०२१च्या सुरुवातीला चाळीसच्या घरात गेली, तीही मिळाली तर. लोक पहाटे दुकानाबाहेर रांगा लावायचे, एका माणसाला एक डबी. त्या काळात आजोबांनी एका शनिवारी त्यांचा हिरवा लोखंडी डबा उघडला आणि मला, आणि आणखी दोन नवख्या बायकांना, प्रत्येकी पन्नास गोळ्या मोजून दिल्या. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, साठवून ठेवलेली गोळी कुणाला काही शिकवत नाही.

हेच आजोबा २०१८पासून त्या दुकानात गेलेले नाहीत, एकदाही नाही. त्यांचं पेन्शन किती असेल याचा अंदाज त्यांच्या ट्रककडे बघून येतो. चाळीस मैल लांब एका छोट्या दुकानात जातात, जास्त पैसे देतात आणि त्यामुळे कमी गोळ्या आणतात. मागच्या महिन्यात मी बघितलं, दहा गोळ्या झाडल्या आणि सामान आवरायला लागले. दहा! पूर्वी दोन तास बसायचे. मला राहवलं नाही. पुढच्या शनिवारी मी दोन डब्या जास्तीच्या घेऊन गेले आणि त्यांच्या बाकावर ठेवल्या. त्यांनी उचलल्या, उलट्या केल्या, स्टिकर वाचलं. माझ्याकडे बघून हसले, अगदी प्रेमानं, आणि दोन्ही डब्या माझ्या बॅगेशेजारी परत ठेवल्या. एक शब्द बोलले नाहीत. मग लेकीला विचारलं, शाळा काय म्हणते.

मला तेव्हा रडू आलं होतं. आणि आज सकाळी तो मेसेज वाचून संताप आला. दोघांचं म्हणणं वरवर एकच आहे ना, त्या दुकानातून घेऊ नका? मग एकानं माझं काळीज हललं आणि दुसऱ्याला मला ब्लॉक करावंसं का वाटलं?

कारण आजोबा स्वतःच्या दहा गोळ्यांत भागवतात. मेसेज पाठवणाऱ्या दादांच्या गॅरेजमध्ये काय आहे, हे आपण सगळ्यांनी दिवाळीच्या पार्टीत बघितलंय. छतापर्यंत पेट्या. त्यात अर्ध्या रशियन, तुला नावाच्या कारखान्याच्या, स्टीलच्या केसवाल्या, स्वस्तात स्वस्त. रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगावरून २०२१मध्ये अमेरिकेनं रशियन गोळ्यांच्या आयातीचे नवे परवाने बंद केले, तेव्हा त्याआधी धावत जाऊन भरलेला हा साठा. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपल्यातल्याच दोघा-तिघांनी रशियन माल हातातही धरायचा नाही असं ठरवलं. दादांनी तेव्हा काय सांगितलं होतं? "पैसे आधीच दिलेत, आता फेकून काय होणार." बरोबर होतं त्यांचं. मी त्या दिवशी त्यांना इमान विचारलं नाही. मग ज्यांच्याकडे दहा वर्षं पुरेल एवढा माल आहे त्यांनी एका पगारावर चाललेल्या घराला चार डॉलरचं इमान शिकवावं? मला हे सहन होत नाही.

आणि वर लोकमान्य! दुसरा मेसेज होता, "टिळकांनी बहिष्कार शिकवला, आपण परदेशात येऊन विसरलो." दादा, लोकमान्यांना यात आणताय तर पूर्ण आणा. १९०५मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली, ती शाळेत सगळेच शिकले. पण बहिष्काराच्या शेजारी स्वदेशी हा शब्द होता. पैसा फंड निघाला, घरटी एकेक पैसा जमा झाला आणि १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांना नुसतं "घेऊ नका" म्हणून सोडलं नाही, घ्यायला दुसरं काही तरी तयार केलं. तुम्ही माझ्यासाठी काय उभं केलंत? अकरा अंगठे?

बरं, एक मान्य करते. बहिष्कार चालतो. मार्च २०००मध्ये स्मिथ अँड वेसन या बंदूक कंपनीनं विक्रीवर बंधनं मानणारा करार क्लिंटन सरकारशी केला आणि लोकांनी त्यांच्या बंदुका घेणं सोडलं. ज्या मालकांनी १९८७मध्ये ती कंपनी सुमारे ११ कोटी डॉलरला घेतली होती, त्यांनी २००१मध्ये ती दीड कोटीला विकून टाकली. ताकद आहे, नाही कुठे म्हणतेय?

पण पिस्तूल माणूस आयुष्यात एकदा-दोनदा घेतो. स्मिथचं नको तर रुगरचं, कोल्टचं, तेवढ्याच पैशात. गोळ्यांचं तसं नाही. त्या दूध-भाजीसारख्या आहेत, संपल्या की आणाव्या लागतात. दर महिन्याला जादा पैसे मोजून राग जिवंत ठेवायचा म्हणजे तो राग ज्याला परवडतो त्याचाच उरतो. आणि फळीवर तरी निवड किती आहे? फेडरल, सीसीआय, स्पीअर, रेमिंग्टन, चार वेगळी नावं, चार रंगांच्या डब्या. नोव्हेंबर २०२४पासून चारही प्रागच्या एकाच चेक उद्योगसमूहाच्या मालकीच्या आहेत. फिओकी ही गोळ्यांची कंपनीही त्यांचीच. मिनेसोटात आणि आयडाहोत कारखान्यावर राबणारे हात तेच आहेत, गोळी कुठल्याही दुकानातून घ्या. तुमचा बहिष्कार त्या डबीतल्या गोळीवर नाहीच, डबीवरच्या स्टिकरवर आहे.

स्टिकर. परत तेच आलं.

आजोबांनी स्टिकर वाचलं तो क्षण मी इतक्यांदा मनात फिरवलाय. त्यांनी मला "तू का गेलीस तिथे" असं विचारलं असतं तर मी भांडले असते, आणि कदाचित माझं बरोबर ठरलं असतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांचं व्रत त्यांच्यापुरतं. छोटी दुकानं मेली तर उद्या आपल्याला कुणी विचारणार नाही, हेही त्यांचं म्हणणं मला माहीत आहे, एकदा कॉफी पिताना बोलले होते. तुटवड्यात मोठ्या दुकानाची फळी महिनोन् महिने रिकामी होती, तेव्हा त्या चाळीस मैलांवरच्या दुकानदारानं नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी काउंटरखाली एकेक डबी बाजूला ठेवली होती. ते खरं आहे. मला पटतं. पटतं म्हणून पैसे येत नाहीत घरात, पण पटतं.

लिहिता लिहिता माझा राग बराच उतरलाय, खोटं कशाला बोलू. त्या अकरा जणांत अशा दोघी आहेत ज्यांनी गॅरेज फोडलं त्या रात्री माझ्याकडे मुक्काम केला होता. त्यांनी न वाचता अंगठा दाबला असेल. पण दादा, तुम्ही वाचून लिहिलंत. "वहिनी" म्हणून लिहिलंत. नवऱ्याची नोकरी गेलेली माहीत असताना लिहिलंत. तेवढं मात्र माझ्या मनातून जाणार नाही.

दुपारी मी रेंजवर गेले होते. आजोबा होते. त्यांना या सगळ्यातलं काही माहीत नाही आणि कुणी सांगूही नका. लेकीच्या फोर-एच या मुलांच्या संस्थेच्या नेमबाजी स्पर्धेत कितवा नंबर आला विचारलं, टार्गेटचा कागद मागून घेतला, चष्मा वर करून सगळी भोकं बघितली आणि म्हणाले, श्वास सोडून थांबत नाहीये, घाई करतेय. त्यांनी आज आठ गोळ्या झाडल्या. मी मोजल्या.

येताना मी गाडी सरळ त्या चाळीस मैलांवरच्या दुकानाकडे घेतली. मालकाशी बोलले. हजार गोळ्यांच्या दहा पेट्या एकदम घेतल्या तर तो डबीमागे साडेतीन डॉलर कमी करायला तयार आहे, म्हणजे मोठ्या दुकानापेक्षा फक्त अर्धा डॉलर वर. दहा पेट्या माझ्या एकटीच्या आवाक्यातल्या नाहीत. ज्यांना बहिष्कार पाळायचाय आणि ज्यांना फक्त स्वस्त गोळ्या हव्यात, दोघांनीही शुक्रवारपर्यंत मला मेसेज करा, अर्धी पेटी, पाव पेटी, जेवढं झेपेल तेवढं. आणायला मी जाईन, पेट्रोलचे पैसे नकोत. दादा, तुम्हालाही म्हणतेय. तुमच्याकडे जागा नसेल तर पैसे भरा, गोळ्या त्या नवीन आलेल्या मुलींना देऊ.

त्यातल्या दोन डब्या आजोबांच्या बाकावर जाणार आहेत. यावेळी त्यांवरचं स्टिकर मी मुद्दाम तसंच ठेवणार आहे.