लुना हातात धरून

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या परसातला रायवळ आंबा आडवा झाला. दापोली तालुक्यात त्या दिवशी ज्याच्या घरावर कौलं राहिली तो भाग्यवान. आमच्या घरावर निम्मी राहिली, त्यामुळे आम्हाला निम्मे भाग्यवान म्हणायला हरकत नाही. आंब्याचा पंचनामा झाला, फोटो निघाले, फांद्या कोयत्याने सवळून पडवीत रचल्या आणि त्यावर दोन पावसाळे आमच्या अंघोळी झाल्या. उरलं ते खोड. अडीच फूट जाड, बारा हात लांब, परसाच्या दगडी गडग्याला डोकं लावून निजलेलं. त्यावर आईचे पापड वाळले, मांजर व्यायली, मुंबईहून आलेल्या नातवंडांनी घोडा घोडा केला. आणि दर मे महिन्यात आगोटची, म्हणजे पावसाआधीची, आवराआवर सुरू झाली की आई त्याच्याकडे बघून म्हणायची, "एवढं लाकूड दारात पडलंय आणि मी पातेऱ्यावर पाणी तापवत्ये."

घरात गॅसचा गीझर आहे. पण न्हाणीतल्या चुलीवर, तांब्याच्या हंड्यात, धुराचा वास लागलेलं पाणी अंगावर घेतल्याशिवाय अंघोळ झाली असं आईला वाटत नाही. गीझरच्या पाण्याला ती 'ते नळातलं' म्हणते.

आमच्या वाडीत लाकूड कापायचं मशीन, म्हणजे साखळीची करवत, घेऊन फिरणारा एक माणूस आहे. त्याला सगळे 'कटरवाला' म्हणतात. तो नेहमी उद्या येतो. तीन वर्षं तो उद्या येत होता. मी बँकेतून निवृत्त झालो, त्या महिन्यात जेवताना जाहीर केलं की आता आपणच मशीन घ्यायचं. बायकोने आमटी वाढता वाढता विचारलं, "कोण चालवणार?" हा प्रश्न मी तात्त्विक समजून सोडून दिला.

पस्तीस वर्षं लोकांच्या कर्जाचे कागद तपासलेला माणूस मशीनही तसंच घेणार. वही केली. रकाने पाडले. पहिला रकाना इंचांचा. कारण मी मशीन घेतोय हे कळल्यावर वाडीतल्या प्रत्येकाने मला पहिला प्रश्न एकच विचारला, "किती इंची?" इंच म्हणजे पुढच्या पात्याची लांबी. सोळा म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. अठराला मान हलायची. बावीस म्हटलं की तो खुर्ची ओढून बसायचा. मुलीच्या स्थळाला पगार विचारावा तसं हे. ज्यांच्या दारात बोटाएवढी करंजाची काटकीसुद्धा नाही, तेही मला बावीसच्या खाली जाऊ नका म्हणून बजावत होते.

मी मात्र अभ्यासाने अठरावर आलो होतो. हिशेब सोपा आहे. खोड तीस इंच जाड. एका बाजूने कापायचं, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने कापायचं. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे सहा इंच शिल्लक. हे मी शेजारच्या भाऊंना अंगणात काडीने आकृती काढून समजावलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण बावीसच घ्या."

दुसरा रकाना, चालणार कशावर? विजेवरचं मशीन स्वस्त, हलकं, बटण दाबलं की सुरू. पण दोन हजार वॉटचं मशीन आमच्या वाडीच्या शेवटच्या खांबावर लावलं तर पलीकडच्या घरातला पंखा थांबून मान वळवून बघेल. शिवाय झाडं पडतात वादळात आणि वीज जाते तीही वादळात. निसर्गच्या वेळी आमच्याकडे कित्येक आठवडे मेणबत्त्या होत्या. बॅटरीवरचंही एक मशीन पाहिलं. मुठीएवढं, सहा इंची, गुलाबी खोक्यात. गुलाबाची कलमं करायला उत्तम. ते बघून आई म्हणाली, "शेवगा कापेल की." मग राहिलं पेट्रोल.

पेट्रोलवर आलो आणि सीसीचा रकाना उघडला. पंचेचाळीस, बावन्न, अठ्ठावन्न. हे आकडे कुठेतरी पाहिलेत असं सारखं वाटत होतं. रात्री अडीचला आठवलं. लुना! आमच्या काकांची लुना पन्नास सीसीची होती. तिच्यावर काका, काकू आणि पुढे गव्हाचा डबा असे तिघे गिरणीत जायचे. चढ आला की काकू उतरायच्या. आणि आता मी अठ्ठावन्न सीसीचं इंजिन हातात धरून, त्याला पुढे सेकंदाला वीसेक मीटर पळणारी दातेरी साखळी लावून, पावसाने निसरड्या झालेल्या परसात उभा राहणार होतो. म्हणजे लुनाच हातात धरायची, फक्त काकूंना उतरायची सोय नाही. त्यानंतर मला झोप लागली नाही.

झोप नाही म्हटल्यावर वाचन वाढलं. आणि मग मला असं काही सापडलं की कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं. ही साखळीची करवत मुळात लाकडासाठी निघालीच नव्हती. अठराव्या शतकाच्या शेवटी दोन स्कॉटिश डॉक्टरांनी ती हाड कापायला काढली, त्यातल्या एकाने अडलेल्या बाळंतपणासाठी. हाताने ओढायची, लहानशी, पण साखळीच. हे मी सकाळी पोह्यांवर सांगितलं. आमच्या सुनेचा सातवा चालू होता. पुढचे दोन दिवस माझ्याशी घरात कुणी बोललं नाही.

दुसरी गोष्ट मी शहाणपणाने फक्त भाऊंना सांगितली. १९४६ साली अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या थंडीत सरपण फोडत होता. फोडता फोडता थांबून तो ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी बघत बसला. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा चावा घेत सरळ आत चालली होती. तसेच डावे-उजवे दात त्याने पोलादात केले आणि पुढच्या वर्षी साखळ्यांचा कारखाना काढला. आजही साखळीला दात तसेच असतात, एक डावा, एक उजवा.

भाऊ उठले. खोडापाशी गेले, साल उचकटली आणि अंगठ्याएवढी पांढरी भिरुडाची अळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ही घ्या. हिला पेट्रोल लागत नाही."

मी अळी परत ठेवली, कारण कंपन्यांचा रकाना अजून भरायचा होता. तोही रंजक निघाला. जर्मनीच्या श्टीलची सुरुवात १९२६ ची. स्वीडनची हस्कवर्ना त्याहून जुनी. १६८९ साली, म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीला पोचले त्या वर्षी, तो बंदुकांचा कारखाना म्हणून निघाला. इतक्या जुन्या घराण्याचं मशीन दारात असावं असं कुणाला वाटणार नाही? पण दोघांच्याही किमती बघितल्यावर मला जाणवलं की एवढ्या पैशांत आई गरम पाण्याच्या झऱ्यावर रोज रिक्षाने जाऊन येऊ शकेल. अशी चार महिने वही भरत होती. साखळीच्या कड्यांचं अंतर, दाताला धार लावायच्या गोल कानशीचा व्यास, टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं की पातं अंगावर कसं उसळतं आणि तेव्हा पुढचा ब्रेक कसा पडतो, सगळं पाठ. शेवटचा निर्णय पानभर लिहून खाली सही केली. अठरा इंची, पंचेचाळीस सीसी, नामांकित.

ती वही घेऊन चिपळूणला एका दुकानात गेलो. दुकानदाराने ती शेवटपर्यंत वाचली. मग वही मिटून मागे हाक मारली, "एक बावीस इंची काढ रे." मी म्हटलं, अठरा. तो म्हणाला, "अठरा नाही. बावीसच आहे. अठ्ठावन्न सीसी. सगळे हीच नेतात."

मी तीच नेली.

घरी आल्यावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचा प्रश्न आला. पुस्तिकेत लिहिलं होतं पंचवीसला एक, ऑइलच्या डब्यावर पन्नासला एक. म्हणजे लिटरला चाळीस मिली की वीस? कमी झालं तर इंजिन जाम, जास्त झालं तर धूर. मी बँकवाला, जोखीम नको म्हणून चाळीस धरले आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने चार झाकणं मोजली. पेट्रोलचीच पंचाईत होती, कारण पंपावर बाटलीत देत नाहीत. शेवटी ते स्कूटरच्या टाकीतून नळीने, तोंडाने ओढून काढलं. त्या दिवशीच्या जेवणाला चव कसली होती ते सांगता येणार नाही. साखळीला वेगळं ऑइल लागतं, ते वेगळ्या टाकीत. दोन्ही झाकणं शेजारी, दोन्ही सारखीच. एकदा चुकलोच. ते इथे नको.

शुभारंभाला रविवार ठरला. हौस म्हणून नव्हे, सुरक्षितता म्हणून मी स्कूटरचं हेल्मेट, मुलाचे क्रिकेटचे पॅड आणि शेताचे गमबूट घातले. आईने मशीनला हळदकुंकू लावलं आणि मला बघून तोंडाला पदर लावला. गडग्यावर वाडी जमली होती. सकाळपासून न दिसलेला कटरवालाही आला होता. आज त्याला वेळ होता.

चोक ओढला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. आठव्यांदा गडग्यावरून कुणीतरी म्हणालं, "ओव्हर झालं." प्लग काढून पुसला, उन्हात ठेवला, सगळ्यांनी चहा घेतला. मग चौथ्या ओढीला ते असं गरजलं की मांजर तीन दिवस घरी आलं नाही.

मी पाय रोवून पातं खोडावर टेकवलं. आवाज झाला. धूर झाला. दाबलं, आणखी धूर झाला. बॅंकेत मुरलेला माणूस सहजासहजी हटत नाही, मी पंधरा मिनिटं दाबत होतो. आंब्याचं लाकूड जळाल्याचा सुंदर वास सुटला. सालीवर एक काळी रेघ उमटली, शिंप्याने खडूने मारावी तशी. घामाने हेल्मेटची काच धुकटली, त्यामुळे कोण हसतंय ते मला दिसत नव्हतं. एवढंच बरं.

कटरवाला उतरून आला. त्याने मशीन बंद केलं, वाकून बघितलं आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "साहेब, साखळी उलटी लावलीय."

चार महिने. एक वही. डावा दात, उजवा दात, ऑरेगन, अळी. आणि दात माझ्याकडे तोंड करून बसले होते.

त्याने पाच मिनिटांत साखळी फिरवून घातली, बोटाने ताण बघितला, लुंगी खोचली आणि चपलांवरच उभा राहिला. मी निदान पॅड तरी घाल म्हणून काढून दिले. ते त्याने गुडघ्याखाली, बसायला घेतले. दीड तासात खोडाच्या बारा चकत्या पडल्या, जात्याच्या पाळीसारख्या गोल, पिवळसर, मधे भिरुडाच्या बोगद्यांची नक्षी. मजुरी म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत. "दोन दिवस मशीन नेऊ का?" एवढंच विचारलं. ती गोष्ट आठ महिन्यांपूर्वीची. तो उद्या आणून देणार आहे.

आई काठी टेकत परसात आली. एका चकतीवर काठी वाजवून बघितली.

"छान झालंय रे. पण हे एवढं जातं चुलीत कसं घालू?"

फोडायला कुऱ्हाड हवी. कुऱ्हाड आहे, आजोबांची, पडवीच्या माळ्यावर, फक्त दांडा मोडलेला. भाऊ म्हणाले, दांडा काय, एका दुपारचं काम. "कशाचा घालू या सांगा. खैराचा घालतात, तिवसाचा घालतात. तिवस बरा, असं म्हणतात लोक."

"खैर जड पडेल का?" मी विचारलं. "आणि लांबी किती धरायची?"

बायकोने काही न बोलता टेबलावरची माझी वही उचलली आणि चुलीत घातली. तिच्यावर त्या दिवशीचं पाणी छान तापलं.