रांका, रेन्का आणि माका

गेले चार दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच विषय. गोव्यात मराठीलाही राजभाषा करा ही मागणी वर आली की सावंतवाडीचा माझा मामेभाऊ लिहिणारच, "कोकणी म्हणजे मराठीची बोली, मूळ एकच, मग वेगळी भाषा कशाला?" त्याखाली १७ अंगठे. मी लिथुआनियात, विल्नियसमध्ये बसून हे वाचते आणि डोकं फिरतं, कारण हेच मी इथे एकदा बोलून बसलेय.

दुसऱ्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून मनगट मोडलं. प्लास्टर काढताना नर्स माझा हात धरून "रांका, रांका" म्हणत होती आणि बाजूच्या खुर्चीवरच्या पोलिश आजी आपला सुजलेला हात दाखवत "रेन्का" म्हणत होत्या. रशियनमध्ये हाताला रुका म्हणतात हे मला ऑफिसमुळे माहीत होतं, सगळं जुळलं म्हणून मी उत्साहात नर्सला म्हटलं, म्हणजे तुमची भाषापण स्लाव्हिकच की, रशियन-पोलिशसारखी! तिचा चेहरा उतरला. माझा हात हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नाही. आम्ही बाल्टिक."

मग भाषा शिकायला लागले तर साम्य पावलोपावली. डोकं इथे गाल्वा, रशियनमध्ये गोलोवा. कावळा वार्ना आणि वोरोना. नुसते शब्दच नाहीत, 'मला वेळ नाही' म्हणायचं तर इथे वेळ षष्ठीत जातो, 'नेतुरिउ लाइको', आणि पोलिशमध्येही तसंच, 'न्ये माम चासु'. आउगुस्ट श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये बाल्टिक आणि स्लाव्हिक दोन्हींची मिळून एकच शाखा मांडली, १९०८ मध्ये फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये म्हणाला की नाही, दोघी वेगवेगळ्याच निघाल्या आणि सारख्या वाढल्या. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मूळ एक मानतात, मीही मानते. पण म्हणून लिथुआनियन ही रशियनची बोली आहे असं त्यातलं कोणीच म्हणत नाही! दोघी एका आईच्या, एक दुसरीच्या पोटची नाही, एवढं सरळ आहे.

आणि नर्सचा चेहरा का उतरला ते पण नंतर कळलं. १८६४ ते १९०४, चाळीस वर्षं रशियन झारच्या राज्यात लिथुआनियन लॅटिन लिपीत छापायला बंदी होती, छापायचं तर सिरिलिकमध्ये. लोकांनी शेजारच्या जर्मन मुलखात, पूर्व प्रशियात पुस्तकं छापून घेतली, पोत्यात भरून रात्री सीमेपलीकडून पाठीवर आणली, पकडले गेले त्यातले कित्येक सायबेरियात पोचले. अशा माणसांच्या पणतीला मी, तेही तिच्याच देशात, म्हणत होते की तुम्ही त्यांच्यातलेच. तरी तिने आवाज चढवला नाही. आमच्या ग्रुपवर एव्हाना कोणीतरी ग्रुप सोडून गेलं असतं.

कोकणीला गोव्यात १९८७ साली राजभाषेचा कायदा मिळाला, १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी आमचं 'बोलीच ती' काही सुटत नाही. गुजरातीला बोली म्हणायची हिंमत नाही होत कोणाची, ती मोठी आहे ना. धाकटी दिसली की लगेच आपलीच.

हे एवढं तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. माझी आजी वेंगुर्ल्याची, घरात सगळं मालवणीच. पुण्याला कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "माका नको" निघालं आणि रूमवरच्या मुली हसल्या. त्या दिवसापासून मी "मला" धरलं ते आजीशी फोनवर बोलतानाही. एकदा ती म्हणाली, "तू आता पावण्यासारख्या बोलतंस." मी विषय बदलला. ती गेली तेव्हा मी इथे होते, आणि माझं "माका" तिने परत ऐकलंच नाही. मोठ्या भाषेच्या बाजूने उभं राहायला मला कुठल्या झाराने सांगितलं नव्हतं.

काल रात्री ग्रुपवर मोठं उत्तर टाइप केलं, श्लायखर वगैरे सगळं घालून, आणि पुसून टाकलं. नुसतं लिहिलं, "माका पटणा नाय."

मामेभाऊ अजून गप्प आहे. ग्रुपवर कधी काही न लिहिणाऱ्या मामीचं मात्र लगेच आलं, "इतके दिवस खंय होतंस गो?"