कालचा आकडा किती?

रोज सकाळी चहा घेण्याआधी मी एका कागदावर एक आकडा लिहितो. आदल्या रात्री मी किती तास झोपलो, तो हा आकडा. साडेसहा, सात, कधी पावणेसहा. सलग दोन रात्री तो पाचाच्या खाली गेला, तर मी तो पुण्यातल्या एका गृहस्थांना फोन करून कळवतो. ते माझे डॉक्टर नाहीत आणि नातेवाईकही नाहीत. वीज मंडळातून निवृत्त झालेले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असे ते गृहस्थ आहेत, आणि जो आजार मला आहे तोच त्यांनाही आहे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

मला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय मनोविकार आहे. यात मन कधी नैराश्यात बुडते, तर कधी उन्मादात, म्हणजे झोप नसूनही उत्साह आवरत नाही अशा अवस्थेत जाते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिक्षक आहे आणि हे असे उघडपणे लिहावे की नाही, याबद्दल पत्नीशी अनेक दिवस बोलून मगच लिहीत आहे.

माझ्या आजाराला पहिले नाव मिळाले ते नैराश्याचे, आणि त्यात मी कुणाला दोष देत नाही, कारण डॉक्टरांकडे मी गेलो तो अंथरुणातून उठवत नाही म्हणून. त्याआधीच्या उन्हाळ्यात महिनाभर मला झोपच लागत नव्हती आणि तरीही थकवा नव्हता, हे सांगण्याजोगे आहे असे मला वाटलेच नाही. उन्मादाची तक्रार घेऊन सहसा कुणी दवाखान्यात जात नाही. त्यामुळे कित्येकांचे खरे निदान व्हायला वर्षे जातात. बायपोलर असलेल्या माणसाला नुसतीच नैराश्यावरची गोळी दिली, तर ती काही जणांना थेट उन्मादात ढकलू शकते. माझ्या बाबतीत तसेच झाले. आठ दिवसांत मी जिल्ह्यातल्या प्रत्येक वाडीवस्तीवर वाचनालय उभारण्याची योजना लिहून काढली, शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज उचलले आणि पाच हजार पत्रके छापून आणली. त्यानंतरचे सात-आठ महिने मी घराबाहेर पडू शकलो नाही. पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर गेले. ती एका बाजूने कोरी आहेत, म्हणून पत्नीने त्यांचे चार-चार तुकडे कापून ठेवले, आणि झोपेचा आकडा मी आजही त्याच तुकड्यांवर लिहितो.

मला सांगायचे आहे ते एवढेच की, औषध, डॉक्टर आणि घरची माणसे हे तिन्ही असूनही माझ्या उपचारात एक जागा रिकामी राहिली होती, आणि ती समदुःखी माणसांच्या गटानेच भरून निघाली.

या आजारात नैराश्याचा त्रास रुग्णाला स्वतःला कळतो, पण उन्मादाची सुरुवात होताना त्याला बरे वाटत असते. बऱ्याच वर्षांत वाटले नव्हते इतके बरे. नेमक्या त्याच वेळी घरचा माणूस म्हणतो, ‘तुम्ही फार बोलताय, गोळी घेतली ना?’ त्याचे म्हणणे खरे असते, पण ऐकणाऱ्याला ते अपमानासारखे लागते, कारण त्याला वाटते की याला माझा साधा आनंदही पाहवत नाही. माझ्या पत्नीने वर्षानुवर्षे हा प्रश्न जपून विचारला आणि दर वेळी माझे कठोर उत्तर ऐकून घेतले. डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा, तीही बाहेर रांग असताना. अशा वेळी माझे कोण ऐकेल, यापेक्षा मी कोणाचे ऐकेन, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो.

एका जूनमध्ये शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. मी रात्री दोनपर्यंत वर्गाची सजावट करत होतो आणि पहाटे साडेपाचला ताजातवाना उठत होतो. पत्नीशी खटका उडाला. त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांनी तब्येत विचारली नाही, गोळीचे नाव काढले नाही. ‘कालचा आकडा किती?’ एवढेच विचारले. साडेतीन, मी म्हणालो. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मास्तर, मलाही साडेतीनला असेच छान वाटायचे. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा. तोवर पैशाचा कुठलाही व्यवहार करू नका आणि घरातला दिवा दहाला बंद करा.’ मी दिवा दहाला बंद केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषधात बदल केला आणि त्या वर्षी माझी एकही रजा बिनपगारी झाली नाही. तेच वाक्य पत्नीने म्हटले असते, तर मी ऐकले नसते. हे लिहिताना तिच्याविषयी मनात अपराधीपण दाटून येते, पण ते खरे आहे.

आमचा गट महिन्यातून एकदा रविवारी पुण्यात भरतो. मी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरतो. आठ-दहा जण असतात, खुर्च्या गोलात मांडलेल्या असतात. इथे बोललेले बाहेर जात नाही आणि दुसऱ्याच्या औषधाचा डोस कमी-जास्त करण्याचा सल्ला कुणीही द्यायचा नाही, हे दोन नियम दर वेळी मोठ्याने वाचले जातात. दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. ‘मी गोळ्या सोडल्या आणि ठणठणीत झालो’ असे सांगणारा एक माणूस अख्ख्या गटाचे नुकसान करू शकतो. तसेच, कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तर तो भार गटाने एकट्याने पेलायचा नसतो. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे असतात, आणि तोपर्यंत बोलायला सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

रोजच्या जगण्यातल्या किती गोष्टी मी तिथे शिकलो! मी लिथियम घेतो. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग दाखवून दिला आणि आजही या आजारातले ते एक मुख्य औषध आहे. मात्र त्याची उपयोगी पातळी आणि घातक पातळी यांत अंतर थोडे असते. म्हणून रक्त तपासावे लागते, तेही शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, आणि थायरॉइड व मूत्रपिंडांवरही लक्ष ठेवावे लागते. डॉक्टरांनी हे सगळे मला सांगितले होते. पण शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमची पातळी चढते, त्यामुळे निर्जळी उपवास आपल्यासाठी नाही, हे मला गटातल्या एका ताईंनी सांगितले. त्या दरवर्षी वारीत लोणंदपासून फलटणपर्यंत चालतात, पाण्याची बाटली हातातून सोडत नाहीत आणि पाय दुखले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळी घेत नाहीत, कारण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही ही पातळी वाढते. हात कापू लागले, उलट्या-जुलाब झाले, बोलणे जड झाले, तर वाट पाहायची नाही, हेही त्यांनीच मनावर ठसवले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्याला काय दिले, तेही मला गटातच समजले. पुढे कधी निर्णय घेण्याची क्षमता राहिली नाही, तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे बरे असताना लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमता येते. मी पत्नीचे नाव लिहिले आहे. त्या कागदावर सही केल्यापासून तिचा प्रश्न मला पाळतीसारखा वाटत नाही, कारण तो विचारण्याचा अधिकार मीच तिला शांत डोक्याने दिला आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. ही दरी नुसत्या गोळ्यांनी भरणार नाही, असे माझे ठाम मत आहे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात आपल्याकडे हे केव्हाच मान्य झाले आहे. १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्या रुग्णमित्रांना हात देतात. मग जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशेजारी महिन्यातून एक दुपार एक खोली आणि हा आजार भोगलेला, थोडे प्रशिक्षण घेतलेला, मानधनावर नेमलेला एक माणूस का असू नये? नवा रुग्ण चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या मनात ‘माझे लग्न होईल का, नोकरी टिकेल का’ हेच प्रश्न असतात. त्यांची उत्तरे चिठ्ठीवर नसतात. ती ज्याची नोकरी टिकली आहे त्याच्याकडे असतात, आणि ज्याची टिकली नाही त्याच्याकडेही.

साताऱ्याहून पुण्याला जाणे प्रत्येकाला जमत नाही. म्हणून दोन महिन्यांपासून इथल्याच एका वाचनालयाने तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता आम्हाला एक खोली दिली आहे. पहिल्या खेपेला मी आणि पत्नी असे दोघेच होतो. गेल्या खेपेला तिघे जण आले. त्यांतला एक मुलगा तासभर काहीच बोलला नाही. निघताना मात्र त्याने माळ्यावरच्या त्या पत्रकांचे वीस-पंचवीस तुकडे मागून नेले.